मन जागे, शरीर झोपेत

पहाटेची वेळ असते. डोळे उघडतात. खोली तीच, पंख्याचा आवाज तोच, खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही ओळखीचा. पण हात उचलायला जावे तर उचलत नाही. कूस बदलता येत नाही. हाक मारावी तर घशातून आवाज फुटत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखा भार जाणवतो आणि दाराशी किंवा अगदी उशाशी कुणीतरी उभे आहे, अशी खात्रीच पटते. काही सेकंद, फार तर काही मिनिटे हे चालते. मग एखादे बोट हलते किंवा शेजारचा माणूस हलवतो आणि सगळे एकदम सुटते.

असा अनुभव आलेली माणसे तो चारचौघांत सहसा सांगत नाहीत. सांगितलाच, तर एका घरात ‘मुंजाने धरले’ म्हणून अंगारा लावला जातो, दुसऱ्या घरात ‘काही नाही, स्वप्न पडले असेल’ म्हणून विषय संपवला जातो. पहिल्या उत्तराने भीती वाढते. दुसऱ्या उत्तराने माणूस स्वतःच्याच डोक्याबद्दल शंका घेऊ लागतो. ‘डोळे उघडे होते, खोली दिसत होती, मग ते स्वप्न कसे?’ हा त्याचा प्रश्न रास्त असतो. कारण तो खरोखरच जागा झालेला असतो. झोपेत राहिलेले असते ते त्याचे शरीर.

वैद्यकात या स्थितीला ‘स्लीप पॅरालिसिस’ म्हणतात. ती दुर्मीळ नाही. अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये निरनिराळ्या देशांतील ३५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ३६ हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. सर्वसामान्य लोकांपैकी सुमारे ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आला होता, तर विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांच्या घरात होते. जपानमध्ये त्याला ‘कानाशिबारी’ असे जुने नाव आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर बसणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगतात. हेन्री फ्युसेली या चित्रकाराने १७८१ मध्ये झोपलेल्या स्त्रीच्या छातीवर बसलेला सैतान रंगवला, ते चित्र आजही प्रसिद्ध आहे. भूत प्रत्येक मुलखाचे वेगळे, पण छातीवरचा भार आणि खोलीतली चाहूल सगळीकडे सारखी. अनुभव इतका सारखा असेल, तर त्याचे मूळ शरीराच्या घडणीतच शोधायला हवे.

दिवा मालवावा तशी झोप येत नाही

झोप म्हणजे दिव्याचे बटण बंद करणे, अशी समजूत दीर्घकाळ होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञही झोपेकडे मेंदूची विश्रांती म्हणूनच पाहत. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती आणि डोक्यावर इलेक्ट्रोड लावून रात्र रात्र नोंदी घेतल्या, तेव्हा ही समजूत मोडली. मुलगा गाढ झोपलेला असे आणि मधूनच त्याच्या बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलू लागत. त्याच वेळी मेंदूच्या विद्युत लहरी जागेपणी असाव्यात तशा दिसत. असेरिन्स्की आणि त्यांचे मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये हा शोध जाहीर केला. डोळ्यांच्या या जलद हालचालींवरून या झोपेला ‘रॅपिड आय मूव्हमेंट’, म्हणजेच ‘रेम’ झोप हे नाव पडले.

आता रात्रीचा आराखडा बराच स्पष्ट झाला आहे. सुमारे दीड तासाचे एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तने रात्रभरात होतात. पहिल्या तिसऱ्या हिश्शात गाढ, संथ लहरींची झोप जास्त असते. पहाटेकडे रेम झोपेचे टप्पे लांबत जातात. सर्वांत ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्ने याच रेम झोपेत पडतात.

याच झोपेची दुसरी बाजू फ्रान्समधील लिआँ येथे मिशेल जुव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवली. मेंदू जागेपणाइतका कामात असताना मांजरांचे स्नायू मात्र पूर्ण ढिले पडत. या विसंगतीमुळे जुव्हे यांनी तिला विरोधाभासी झोप म्हटले. मेंदूच्या देठातील, म्हणजे ब्रेनस्टेममधील एक छोटा भाग मज्जारज्जूतील पेशींना ‘हलू नका’ असा संदेश पाठवत असतो. जुव्हे यांनी हा भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरे उठून नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. म्हणजे रेम झोपेतले लुळेपण हा आजार नाही. ते संरक्षण आहे. स्वप्नात धावणाऱ्याने खरोखर पलंगावरून धावत सुटू नये, यासाठी शरीर स्वतःला कुलूप घालते. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा मुख्य पडदा एवढेच त्यातून वगळलेले असतात.

यातून एक गोष्ट लक्षात येते. जाणीव, स्नायू आणि स्वप्नाची दृश्ये या तिन्हींच्या कळा वेगवेगळ्या आहेत. बहुतेक रात्री त्या बरोबर क्रमाने पडतात आणि उघडतात, म्हणून माणसाला ती एकच कळ वाटते. एखादी कळ मागे-पुढे झाली की त्या वेगळ्या असल्याचे कळते.

छातीवरचा भार कुठून येतो?

स्लीप पॅरालिसिसमध्ये जाणिवेची कळ आधी उघडते आणि स्नायूंचे कुलूप थोडा वेळ तसेच राहते. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत झोपलेल्या निरोगी लोकांना ठरावीक वेळी उठवून आणि पुन्हा झोपू देऊन ही स्थिती घडवून दाखवली. झोपेची घडी विस्कटली की जागेपण आणि रेम झोप एकमेकांत मिसळू शकतात, हे त्यातून दिसले. अपुरी झोप, बदलत्या पाळ्या, परीक्षेच्या काळातील जागरणे, मानसिक ताण आणि उताणे झोपणे यांत हा अनुभव अधिक का येतो, याचेही उत्तर त्यात आहे.

भाराचे कारण साधे आहे. रेम झोपेत बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात आणि श्वास मुख्यतः पडद्याच्या जोरावर, उथळ चालतो. घाबरलेला माणूस खोल श्वास घ्यायला जातो, पण छाती त्याचे ऐकत नाही. मेंदू त्याचा अर्थ ‘कुणीतरी दाबते आहे’ असा लावतो. प्रत्यक्षात श्वास चालूच असतो.

खोलीतल्या ‘त्या’ माणसाची गोष्ट जास्त विलक्षण आहे. रेम झोपेत भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग विशेष सक्रिय असतो. हलता येत नाही आणि धोक्याची घंटा तर वाजते आहे, अशा वेळी मेंदू धोका शोधू लागतो आणि स्वप्नाची उरलेली दृश्ये समोरच्या खऱ्या खोलीत मिसळतात. शिवाय ‘हे माझे शरीर, ते इथे आहे’ हा हिशेबही डळमळतो. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांना अपस्माराच्या एका रुग्णाच्या तपासणीत हे अनपेक्षितपणे दिसले. कानशिलामागच्या भागात मेंदूला सौम्य विद्युत उत्तेजना दिली की त्या तरुणीला आपल्या मागे एक सावलीसारखा माणूस असल्याचे जाणवे. ती आडवी असली तर तोही आडवा, ती बसली तर तोही बसलेला. तो माणूस तिच्या स्वतःच्या शरीराचीच चुकीच्या जागी उमटलेली प्रतिमा होता. झोपेतल्या चाहुलीमागेही अशीच गडबड असावी, असे अनेक संशोधक मानतात.

इथे समजुतीचा प्रश्न केवळ समजुतीचा राहत नाही. बलांद जलाल या संशोधकाने डेन्मार्क आणि इजिप्तमधील लोकांची तुलना केली. इजिप्तमध्ये अनेक जण या अनुभवामागे जिन असल्याचे मानतात. तिथे लोकांना हा अनुभव अधिक वेळा येत होता, लुळेपण जास्त वेळ टिकत होते आणि मरणाची भीतीही जास्त होती. भीतीमुळे झोप उडते, झोप उडाली की अनुभव पुन्हा येतो आणि भीती आणखी पक्की होते, असे चक्र यामागे असावे, असे जलाल यांचे म्हणणे आहे. अंगात काही शिरल्याच्या संशयावरून माणसाला बांधून ठेवणे किंवा मारणे हा तर त्यावरचा सर्वांत घातक उपाय. भूत उतरवण्याच्या नावाखाली अशी मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

कुलूप लागलेच नाही तर

आता उलटा बिघाड पाहू. शरीर झोपेतच आहे, स्वप्न चालू आहे, पण स्नायूंचे कुलूप लागलेले नाही. मिनेसोटामधील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये अशा पाच वयस्क रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. अशाच एका ६७ वर्षांच्या गृहस्थांना स्वप्नात अमेरिकी फुटबॉलचा सामना दिसत होता. प्रतिस्पर्ध्याला धडक द्यायला ते धावले आणि खोलीतल्या कपाटावर आदळले. जुव्हे यांच्या मांजरांचे जे झाले, तेच इथे माणसांचे होत होते. या विकाराला ‘रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर’ म्हणतात.

तो बहुधा पन्नाशीनंतर आणि पुरुषांमध्ये अधिक आढळतो. झोपेत ओरडणे, शिव्या देणे, गुद्दे मारणे, पलंगावरून उडी टाकणे असे प्रकार रात्रीच्या उत्तरार्धात होतात. उठवले तर माणूस लगेच भानावर येतो आणि ‘चोर मागे लागला होता’ असे स्वप्न सांगतो. दिवसा तोच माणूस अगदी शांत स्वभावाचा असू शकतो. घरात यावर हसले जाते, क्वचित बायको दुसऱ्या खोलीत झोपू लागते आणि विषय तिथेच राहतो.

तो तिथे राहू नये, याला ठोस कारण आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २४ केंद्रांतील १,२८० रुग्णांचा मागोवा घेतला गेला. दर वर्षी त्यांच्यापैकी सुमारे सहा टक्के लोकांना पार्किन्सन किंवा त्याच्या जातकुळीतला विस्मृतीचा आजार झाला. बारा वर्षांनंतरचा अंदाज ७३ टक्क्यांच्या पुढे होता. या आजारांत मेंदूत जे प्रथिन साचते, ते अनेकदा हात थरथरण्याच्या कितीतरी आधी ब्रेनस्टेममधील कुलपाच्या जागेला इजा करते. म्हणून झोपेतले गुद्दे ही कित्येक वर्षे आधी मिळालेली सूचना असू शकते.

याचा अर्थ झोपेत बडबडणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन होतो, असा मुळीच नाही. साधी बडबड निरुपद्रवी असते. झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि नैराश्यावरची काही औषधेही अशीच लक्षणे दाखवू शकतात. निदान रात्रभर व्हिडिओसह केलेल्या झोपेच्या तपासणीनेच पक्के होते. पुढचा आजार थोपवणारे औषध अद्याप नाही. तरीही निदानाचा उपयोग आहे. दुखापत टाळता येते, गुद्दे कमी करणारी औषधे डॉक्टर देऊ शकतात आणि पुढची लक्षणे वेळीच ओळखता येतात.

पाय जागे, विवेक झोपेत

झोपेत चालणे हा तिसरा प्रकार. तो मुलांमध्ये जास्त दिसतो आणि रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेतून अर्धवट उठताना होतो. डोळे उघडे असतात, माणूस जिना उतरतो, कडी काढतो, पण विचारले तर नीट उत्तर देत नाही आणि सकाळी त्याला बहुधा काही आठवत नाही. इटलीतील संशोधकांनी २००९ मध्ये एका रुग्णाच्या मेंदूत अपस्माराच्या तपासणीसाठी बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून अशा अर्धवट जागेची नोंद मिळवली. हालचालींशी संबंधित भागात जागेपणाच्या लहरी होत्या. त्याच क्षणी विचार आणि भान सांभाळणाऱ्या भागांत गाढ झोपेच्या संथ लहरी चालूच होत्या. एकाच कवटीत, एकाच वेळी, झोप आणि जाग.

कायद्यालाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. कॅनडात १९८७ मध्ये एका तरुणाने रात्री सुमारे २३ किलोमीटर गाडी चालवत सासर गाठले आणि सासूचा जीव घेतला. हे झोपेत घडले, हा बचाव ज्युरीने मान्य केला आणि १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. कृती त्याच्या हातांनी झाली, पण ती करणारा ‘तो’ तिथे होता का, हा त्या खटल्याचा गाभा होता. अशा घटना अत्यंत विरळ आहेत. मात्र झोपेच्या काही गोळ्यांनी झोपेत चालण्याचे, स्वयंपाक करण्याचे किंवा गाडी चालवण्याचे प्रकार घडू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये झोल्पिडेम आणि तत्सम गोळ्यांवर याबाबत सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले. दुकानातून परस्पर गोळी आणण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

असे तुकड्यातुकड्यांनी झोपणे जागेपणीही घडते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांना नेहमीपेक्षा जास्त वेळ जागे ठेवले. उंदीर जागे दिसत होते, डोळे उघडे होते, पण मेंदूतील काही पेशी मधूनच क्षणभर बंद पडत होत्या. नेमक्या त्याच क्षणी खाण्याचा दाणा उचलण्यात उंदीर चुकत होते. २०११ मधील या प्रयोगाचा अर्थ रात्री बस किंवा ट्रक चालवणाऱ्याला वेगळा सांगायला नको. ‘मला झोप आली नव्हती’ असे तो मनापासून सांगत असतो, आणि तरीही त्याच्या मेंदूचा एक तुकडा क्षणभर झोपून गेलेला असू शकतो.

मग जाणीव म्हणजे काय?

भारतीय परंपरेला हा प्रश्न नवा नाही. अवघ्या बारा मंत्रांच्या मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यांपलीकडची तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. आजचे विज्ञान पहिल्या तिघींच्या सीमारेषा यंत्रांनी तपासते आहे आणि त्या रेषा पुसट असल्याचे त्याला आढळते आहे.

२००५ मध्ये मार्चेल्लो मास्सिमिनी, जुलिओ तोनोनी आणि सहकाऱ्यांनी मेंदूला बाहेरून चुंबकीय टिचकी मारून पाहिली. जागेपणी तिचे पडसाद एका भागातून दुसऱ्या भागात पसरत गेले. गाढ झोपेत ती जिथल्या तिथे विरली. पेशी तेव्हाही काम करत होत्या, पण मेंदूचे भाग एकमेकांशी बोलेनासे झाले होते. जाणीव हरपते ती मेंदू बंद पडल्याने नव्हे, त्याच्यातला संवाद तुटल्याने, असा या संशोधकांचा निष्कर्ष होता. याच कल्पनेवरून पुढे, बोलू न शकणाऱ्या बेशुद्ध रुग्णांत जाणीव शिल्लक आहे का, हे तपासण्याची पद्धत विकसित झाली.

दुसऱ्या टोकाला, स्वप्नातच ‘हे स्वप्न आहे’ असे भान येणारी माणसेही आहेत. २०२१ मध्ये चार देशांतील संशोधकांनी अशा ३६ जणांना रेम झोपेत असताना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती, असे विचारल्यावर एकाने झोपेतच बुबुळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवून उत्तर दिले. बहुतेक वेळा उत्तर आले नाही. पण सुमारे १८ टक्के वेळा अचूक आले. झोपलेला माणूस म्हणजे पूर्ण बंद दार, असे आता म्हणता येत नाही.

काय करावे?

स्लीप पॅरालिसिस क्वचित येत असेल तर औषधाची गरज नसते. झोपण्या-उठण्याच्या वेळा ठरावीक ठेवाव्यात, झोप पुरेशी घ्यावी आणि उताणे झोपणे टाळून कुशीवर झोपावे. अनुभव सुरू झाला की सगळे अंग एकदम सोडवण्याची धडपड करू नये. जलाल यांनी सुचवलेला क्रम सोपा आहे. हे शरीराचे कुलूप आहे आणि ते आपोआप उघडणार, असे स्वतःला सांगावे. त्यात धोका नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही, हे आठवावे. चाहुलीकडे लक्ष न देता मन प्रार्थनेत किंवा एखाद्या प्रिय आठवणीत गुंतवावे. अंग ढिले सोडावे. दिवसा कितीही झोपूनही झोप अनावर होत असेल किंवा हसता-हसता गुडघे लुळे पडत असतील, तर मात्र नार्कोलेप्सी या विकाराची शक्यता तपासून घ्यावी.

झोपेत चालणाऱ्याला हळूच हात धरून अंथरुणावर न्यावे. जागे केल्याने त्याला अपाय होत नाही, फक्त तो गोंधळतो. बाल्कनी, जिना आणि मुख्य दाराला मात्र रात्री कडी असावी.

पन्नाशीपुढच्या माणसाने झोपेत हातपाय झाडायला, ओरडायला किंवा मारायला सुरुवात केली असेल, तर पलंगाजवळच्या टोकदार आणि काचेच्या वस्तू हलवाव्यात, शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करावे आणि मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवावे. चालू असलेली औषधे मनाने बंद करू नयेत, त्यांची यादी मात्र सोबत न्यावी.

शेजारी झोपणाऱ्यालाही डॉक्टरांकडे न्यावे. ‘झोप किती तास लागते?’ याचे उत्तर रुग्ण स्वतः देऊ शकतो. ‘झोपेत काय होते?’ हे मात्र त्याच्यापेक्षा त्या दुसऱ्या माणसाला जास्त ठाऊक असते.